पहिले वाचन : ताई

१२ जुलै, शुक्रवार

आत्या,

न विचारता तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहिते आहे ती काम घेऊन. यातले काहीही शोभणारे नाही, याची मला जाणीव आहे. फोन करता आला असता. परंतु मी फोनवर कशी बोलते हे तुला ठाऊक आहे. समोरचा माणूस "कोणी आहे का तिकडे" असे विचारून ठेवून देतो. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी व्यासपीठावर गेले, "अध्यक्ष महोदय" एवढे म्हणाले आणि खाली उतरले, तेव्हा पहिल्या रांगेत तूच बसली होतीस. घरी येताना तू म्हणालीस, "जेवढं बोललीस तेवढं चांगलं बोललीस." त्या वाक्याच्या भरवशावर हे पत्र लिहीत आहे.

सोबत एक पुस्तक आहे. दंतवैद्यांचा कथासंग्रह. त्याचे हस्तलिखित तुझ्या हातून गेलेले आहे, त्यामुळे ओळख करून देत नाही. बातमी एवढीच की, या वर्षीचा उत्कृष्ट कथासंग्रहाचा पुरस्कार त्याला मिळाला. बाबा पुस्तके पुरस्कारांना पाठवत नाहीत, हे तुला माहीत आहे. दंतवैद्यांच्या एका कृतज्ञ रुग्णाने परस्पर प्रती पाठवल्या होत्या. समारंभात दंतवैद्य म्हणाले, "आजवर माझ्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या, त्यांची तोंडं उघडी होती, पण उत्तर देण्याची सोय नव्हती. मिटल्या तोंडाचे श्रोते आज पहिल्यांदाच पाहतोय." सगळे सभागृह हसले. बाबा मात्र हसले नाहीत. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहत बसावे तसे.

मग परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी पुस्तक उघडले आणि शीर्षकामागच्या पानावर बोट ठेवले. म्हणाले, "या प्रकाशनाच्या प्रत्येक पुस्तकात इथे एक ओळ असते. 'पहिले वाचन : ताई'. या ताई कोण, हे आम्हा सर्वांना जाणून घ्यायचंय."

बाबा उभे राहिले. "माझी मोठी बहीण," ते म्हणाले. "सध्या बाहेरगावी असते."

'सध्या' हा शब्द त्यांनी किती सहज उच्चारला, ते मी तुला लिहून दाखवू शकत नाही.

खाली उतरताना एका वार्ताहराने विचारले, "आता पुढचं पुस्तक कोणतं?" बाबा म्हणाले, "येतंय." तेच मला सांगायचे आहे. पुढचे पुस्तक येत नाही.

एम. ए. झाल्यापासून मी आपल्या प्रकाशनात काम करते. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आले की, तू गेल्यानंतर निघालेले प्रत्येक नवे पुस्तक दाराजवळच्या फडताळातले आहे. ज्यांच्या पहिल्या पानावर तू हिरव्या पेन्सिलीने 'घेऊ या' लिहून ठेवले होतेस, त्या गठ्ठ्यातले. बाबा वरचे हस्तलिखित काढत, कागद निवडत, मुखपृष्ठावर चित्रकाराशी मनसोक्त भांडत, आणि तू शेजारच्या खोलीत बसली आहेस अशा थाटात तुझी ओळ छापत. लोक म्हणत, या प्रकाशनाची निवड कधी चुकत नाही. निवड तुझीच होती, चुकणार कशी? दंतवैद्यांचे पुस्तक त्या गठ्ठ्यातले शेवटचे होते. फडताळ आता रिकामे आहे. ते तसे दिसू नये म्हणून बाबांनी त्यात कागदाचे नमुने रचून ठेवले आहेत.

टपालाने येणारी हस्तलिखिते टोपलीत साठतात. बाबा प्रत्येक लेखकाला सुवाच्य अक्षरात कार्ड पाठवतात : 'वाचन चालू आहे.' वाचन कोणीच करत नाही. निदान अधिकृतपणे नाही.

सप्टेंबरअखेर नव्या पुस्तकांची यादी छापायला जाईल. त्यात एकही नाव नसेल, तर पुरस्काराचे प्रकाशन जुन्या आवृत्त्यांवर जगते हे सर्वांना दिसेल, आणि बाबा हळूहळू, कोणाला कळणार नाही अशा बेताने, दार ओढून घेतील असे मला वाटते. तू एक हस्तलिखित वाचशील का? एकच.

मी लिहिल्याचे बाबांना ठाऊक नाही. सांगितले असते तर "तिला त्रास देऊ नकोस" म्हणाले असते, आणि उद्यापासून टपालवाल्याची वाट बघत बसले असते.

तुझी भाची


२ ऑगस्ट, शुक्रवार

आत्या,

तुझे उत्तर आले नाही. नकारही आला नाही, याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला आहे आणि हस्तलिखित वेगळा गठ्ठा बांधून पाठवत आहे. राग आला तर पत्रावर काढ. हस्तलिखिताचा त्यात दोष नाही.

ही कादंबरी लिहिणाऱ्या बाई उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासतात. कादंबरीतही तशीच एक बाई आहे. ती एका इमारतीत तपासणीला जाते आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. सोबत असते तिची पूर्वीची सासू, घटस्फोटानंतर प्रथमच भेटलेली. पहिले वाक्य असे आहे : 'लिफ्ट अडकली की माणसे आधी घड्याळाकडे बघतात, मग दाराकडे, आणि दुसरा इलाजच उरला नाही म्हणजे एकमेकांकडे.' सासूचा पहिला प्रश्न, "तू दुरुस्त करतेस की नुसतं तपासतेस?" मी हे बसमध्ये वाचले आणि माझा थांबा मागे गेला. पुढे ती सासू पिशवीतून विणकाम काढते आणि सुनेला लोकर धरायला लावते. दोघींचे हात एका धाग्याने गुंतलेले, त्यामुळे धोक्याची घंटा दाबायला कोणालाच हात मोकळा नाही. हे हास्यास्पद आहे, आणि तरी ते पान मी पुन्हा पुन्हा वाचते. शेवटच्या भागात लेखिका थोडी घाई करतात; तपासणी अधिकाऱ्याचे पात्र काढले तरी चालेल असे मला वाटते; परंतु सासूचे एकही वाक्य कोणी बदलू नये. वाहवत गेले, क्षमस्व.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायची नाही असे मी ठरवले होते. 'खंड एक' साहेब पुन्हा आले होते.

हे टोपणनाव तू गेल्यानंतर बाइंडरकाकूंनी ठेवले, म्हणून तुला माहीत नसेल. त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड आपण छापला, ज्यावरून सगळे झाले. आता दुसरा तयार आहे. साहेब बाबांसमोर बसले, पुरस्काराचे सन्मानचिन्ह हातात घेऊन वजन केल्यासारखे पाहिले आणि म्हणाले, "आता तुमचं नाव झालंय. माझ्या दुसऱ्या खंडालाही त्याचा थोडा उजेड मिळू दे."

बाबा म्हणाले, "बघू."

"बघू काय? पहिल्या खंडाच्या वेळी तुम्ही लगेच हो म्हणाला होतात."

बाबांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

त्या वेळी मी बारावीत होते आणि मला कोणी काही सांगितले नाही. तरी मला माहीत आहे. साहेब तेव्हा ग्रंथालयांच्या खरेदी समितीवर होते, आपली पुस्तके ग्रंथालयांत जावीत असे बाबांना वाटत होते, आणि म्हणून पहिला खंड चहाच्या वाचनाशिवाय स्वीकारला गेला. चारच्या चहाला तू नव्या हस्तलिखिताची सुरुवातीची पाने मोठ्याने वाचत असस. कप रिकामे झाल्यावरही सगळे बसून राहिले तर हस्तलिखित फडताळात. कोणी कामाला उठले तर लेखकाकडे परत. मी दाराआड बसून ते ऐकत असे. बाइंडरकाकू "माझी खळ वाळतेय" म्हणून उठत. जुळणीवाले मामा "मशीन तापलंय" म्हणत. बाबा कधीच उठत नसत. ते तुझ्याकडे बघत बसत आणि तू काय ठरवतेस याची वाट पाहत. पहिल्या खंडाची बातमी कळली त्या दिवशी तू म्हणालीस, "जिथे उठायची मुभा नाही तिथे वाचायचं कशाला," आणि महिन्याभरात दूरच्या महाविद्यालयातली नोकरी धरलीस. तेव्हापासून चार वाजता चहा होतो. वाचन होत नाही.

आई म्हणते, "दोघं भावंडं एकमेकांनी आधी बोलावं म्हणून थांबलीत. शाळेत मुलं अशी बसली की मी दोघांनाही बाहेर काढते." ती शिक्षिका आहे, तिला ते जमते. मला जमणारे एवढेच होते.

साहेब तेवीस तारखेला हस्तलिखित घेऊन येणार आहेत. बाबांना 'नाही' हा शब्द येत नाही. तुझा निकाल त्याआधी आला, तर यादीतली जागा भरलेली असेल आणि त्यांना तो शब्द उच्चारावाच लागणार नाही. तू हे वाचशील ना?

तुझी भाची


२४ ऑगस्ट, शनिवार

आत्या,

गठ्ठा परत आला. दोरा तसाच, मी मारलेली गाठसुद्धा तशीच. तू उघडलासही नाहीस, हे कळल्यावर मला वाईट वाटले, हे लपवून उपयोग नाही. मग वर खोचलेले तुझे कार्ड वाचले.

'मी इथून निवडून पाठवलं तर ते पुन्हा माझंच पुस्तक होईल, आणि तुझा बाप आणखी एक फडताळ लावेल. जिने मला या कादंबरीबद्दल एवढं लिहिलं, तिचं पहिलं वाचन झालेलं आहे. चहाचं तेवढं राहिलंय. ते मोठ्याने करतात.'

मी कार्ड हातात धरून उभी होते आणि बाबा मागे आले. तुझे अक्षर त्यांनी खोलीच्या त्या टोकावरून ओळखले असावे.

"तू तिला लिहिलंस?"

"हो."

"बरंच लिहिलंस?"

"हो."

"आणि मला दिवसभर 'हो' नि 'नाही'वर भागवतेस."

त्यांनी कार्ड वाचले, पुन्हा वाचले. 'तुझा बाप' या शब्दांपाशी ते किंचित हसले असे मला वाटले. कार्ड त्यांनी परत दिले नाही, खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, साहेब आले. वेळ नेमकी चहाची होती. बाइंडरकाकू आणि मामा आपापले कप घेऊन बसले होते. मला वाटले, बाबा आता हस्तलिखित घेतील आणि 'बघू' म्हणतील. बाबा म्हणाले, "साहेब, बसा. आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. सुरुवातीची पानं मोठ्याने वाचायची. मध्यंतरी बंद पडली होती."

साहेबांना आनंद झाला. त्यांनी घसा साफ केला आणि सुरू केले. पहिले प्रकरण त्यांच्या बदलीविषयी होते. बदलीचा आदेश, त्या आदेशाला त्यांनी दिलेले उत्तर, त्या उत्तरावर वरिष्ठांचे उत्तर. ते पान उलटतात तोच बाइंडरकाकू उठल्या.

"माझी खळ वाळतेय."

"वाळू द्या," साहेब म्हणाले.

"तसं कसं साहेब? तुमच्या पहिल्या खंडाच्या प्रती अजून बांधायच्या शिल्लक आहेत." हे खोटे होते. खरे तर त्या बांधून झालेल्या आहेत आणि तशाच पडून आहेत, पण ते त्या बोलल्या नाहीत. पाठोपाठ मामांचे मशीन तापले.

साहेब बाबांकडे पाहून म्हणाले, "गर्दी गेली, रसिक उरले," आणि पुढे वाचू लागले. मी बसून होते. उठायला जेवढे धैर्य लागते तेवढेही माझ्यापाशी नव्हते.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्या, बाबा उठले. हातात कप होता, चेहरा लाल झाला होता, आणि आयुष्यात कधी न उठल्यामुळे त्यांच्याजवळ सबब तयार नव्हती.

"मला जरा कागद बघायचाय."

"कुठला कागद?" साहेबांनी विचारले.

बाबांनी विचार केला. "कुठलाही," ते म्हणाले.

आतल्या खोलीतून मशीनचा आवाज येत नव्हता. मामा दाराला कान लावून उभे असणार. बाबांनी कप खाली ठेवला. "साहेब, हे पुस्तक आम्हाला जमणार नाही. पहिला खंडही असाच वाचायला हवा होता. तेव्हा मी वाचू दिला नाही, त्यात तुमचंही नुकसान झालं."

साहेब रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी पाने नीट लावली, चहा संपवला आणि जाता जाता दारात थांबले. "शेवटच्या प्रकरणापर्यंत थांबला असतात तर..."

"तिथे काय आहे?"

"आमची ही गेली, ते आहे."

बाबा त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. "मग तिथून सुरू करा," मी त्यांना म्हणताना ऐकले. "आणि चहाला या."

हे झाले कालचे. आज चार वाजता बाबांनी तुझी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे पाहिले. मी जाऊन बसले. पानांचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा येत होता. पहिले वाक्य मी कसे वाचले ते मला आठवत नाही. दुसऱ्या पानावर बाइंडरकाकू म्हणाल्या, "जरा मोठ्यानं. ती सासू काय म्हणाली?"

मी पुन्हा वाचले : "'तू दुरुस्त करतेस की नुसतं तपासतेस?'"

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "माझीच सासू ही."

त्यानंतर मला माझा आवाज ऐकू येईनासा झाला. सासूचा आणि सुनेचा तेवढा येत होता. लोकरीचा प्रसंग आला तेव्हा मामा हसता हसता खोकले. ठरलेली पाने संपल्यावर मी थांबले. कप केव्हाच रिकामे झाले होते. कोणी उठत नव्हते.

"मग?" मामांनी विचारले.

"आजच्यापुरतं एवढंच."

"म्हणजे त्या दोघींना तसंच टांगून ठेवायचं? उद्यापर्यंत?"

बाबांनी टेबलाच्या खणातून हिरवी पेन्सिल काढली, टोक करून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर मी 'घेऊ या' लिहिले. माझे अक्षर तुझ्यासारखे सुंदर नाही, शिवाय ओळ थोडी चढाला गेली आहे. काकू आत गेल्या आणि थोड्याच वेळात तिथून ओरडल्या. खळ आज खरोखरच वाळली होती. त्यांना नवी शिजवावी लागली.

तुझी भाची


१९ ऑक्टोबर, शनिवार

आत्या,

ही पहिली प्रत. शाई पुरती वाळलेली नाही, जपून उघड.

पुस्तकाचे अंतरंग तुला या वेळी अगदी नवे असेल, याचे मला अप्रूप वाटते. तपासणी अधिकारी काढला. शेवटच्या भागात लेखिकेने घाई केली होती, ते मी त्यांना सांगितले; तोंडी सांगितले, समोर बसून. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललात, मलाही तिथे हिसका बसत होता." करारावर सही करायला त्या आल्या तेव्हा आपल्या मालाच्या लिफ्टजवळ उभ्या राहिल्या, दोर वर-खाली न्याहाळला आणि जिन्याने आल्या. आता मामाही जिनाच वापरतात.

यादी वेळेवर गेली. 'नवी पुस्तके' या मथळ्याखाली एकच नाव आहे आणि ते पानावर अगदी ऐसपैस बसले आहे. टोपलीतल्या हस्तलिखितांपैकी आणखी दोन चहापर्यंत पोहोचली. एकावर काकू उठल्या, दुसऱ्यावर कोणी नाही. बाबांनी फडताळातले कागदाचे नमुने काढले. 'वाचन चालू आहे' ही कार्डे ते अजूनही पाठवतात, फरक इतकाच की आता ते खरे असते.

तू फोन केलास त्या दुपारी मी पलीकडच्या टेबलावर मुद्रिते तपासत होते. ऐकू नये असे ठरवूनही ऐकले. मला बाबांचीच बाजू ऐकू आली, ती अशी : "हो. हो. कोण? नाही, मी उठलो. हो, मीच. सांगतोय काय... नाही गं, कप हातातच होता." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. फोन ठेवून खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "ताई हसली." थोड्या वेळाने म्हणाले, "सुट्टीत येतेय." त्या दिवशी त्यांनी चित्रकाराचे मुखपृष्ठ एकाही शब्दाच्या वादाशिवाय मान्य केले. चित्रकार घाबरून दुसऱ्या दिवशी चौकशीला आला.

एका गोष्टीसाठी मात्र तुझी परवानगी घ्यायला हवी होती, ती घेतलेली नाही. शीर्षकामागचे पान जुळवायला घेतले तेव्हा मी तुझी ओळ होती तशीच ठेवली होती. बाबांनी ती खोडली. मी विचारले, "मग माझं नाव घालायचं?" मला ते नको होते; छापील अक्षरात आपले नाव म्हणजे व्यासपीठावर उभे राहण्यासारखेच.

"तुझं नाव कोणाला माहीत आहे?" बाबा म्हणाले. "ताईचं सगळ्यांना माहीत आहे." आणि मामांना बाजूला करून ती ओळ त्यांनी एका बोटाने स्वतः टंकित केली. पान उलटून बघ. 'पहिले वाचन : ताईची भाची'.

यात मला लपून राहायला जागा आहे, आणि तुलाही तुझी जागा आहे. मी फार दिवसांनी इतकी शांत झोपले.

आता उठते. आज चहाला साहेबांचे हस्तलिखित आहे. त्यांनी पहिली सगळी प्रकरणे काढून टाकली आणि पत्नीच्या आजारपणापासून सुरुवात केली आहे. स्वतः वाचणे त्यांना जमणार नाही, म्हणून आज बाबा वाचणार आहेत, तुझ्या खुर्चीत बसून. सकाळपासून तिसऱ्यांदा त्यांनी पाणी प्यायले आहे. बाइंडरकाकूंनी आज खळ शिजवायला घेतलेली नाही. "बघू," म्हणाल्या, "कशाला उगाच वाळवायची?"

टपाल कार्यालयाच्या खिडकीजवळ बसून हे लिहीत आहे. पुस्तकाचे पाकीट तोलून झाले आहे. चहाआधी मला पोहोचलेच पाहिजे.

तुझी,
ताईची भाची

पाठवले : शनिवार, १९ ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे.